इथं या नावाची कुणी न्हाई

आमच्या वसतिगृहाच्या आक्का कोणत्याही मुलीला नावाने हाक मारत नसत. चाळीसेक मुली होत्या, सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती, पण अंगणातून कधी कुणाच्या नावाचा पुकारा ऐकू आला नाही. काम असेल तर त्या स्वतः जिना चढून खोलीत येत, खांद्यावर हात ठेवत आणि "ये गं जरा" म्हणत. गुडघे धरले होते तरी हाच शिरस्ता. बाहेरचं कुणी दारात येऊन अमुक मुलगी इथे राहते का असं विचारू लागलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "इथं या नावाची कुणी न्हाई." मग विचारणारा मुलीचा सख्खा बाप का असेना.

माझ्या वडिलांनाही ते ऐकावं लागलं. कंधारला आमचं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. मला लातूरला क्लासला घातलं तेव्हा मामा सोडायला आला होता, त्यामुळे आक्कांनी वडिलांना पाहिलेलं नव्हतं. महिन्याभराने ते फराळाचा डबा घेऊन सकाळच्या एसटीने आले आणि दारातच त्यांना कळलं, की त्यांची मुलगी इथे राहत नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. आक्कांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि वर येऊन मला हळूच सांगितलं, की उंच आहेत, डाव्या भुवईवर वण आहे, हातात डबा आहे, ओळखतेस का? मी हो म्हटल्यावरच वडील आत आले. ते चांगलेच तापले होते. आक्का म्हणाल्या, "राग येऊ द्या दादा. पोरगी हाय का न्हाई, ते पोरीनं सांगायचं." परत जाताना फाटकाशी वडील मला म्हणाले, ही बाई इथे आहे तोवर मला घोर नाही.

ती इमारत पूर्वी करडईचं गोदाम होती. क्लासेसचं पेव फुटलं तसं मालकाने मधे भिंती घालून खोल्या पाडल्या. पावसाळ्यात भिंतींना तेलाचा वास येई. गल्लीत दोन्ही बाजूंना खानावळी, झेरॉक्सची दुकानं आणि पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचे फलक. आक्का या सगळ्याच्या मधोमध एका टेबलाशी बसत, नऊवारी नेसून, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्याकडे मुलींची एकच वही होती. त्यात नावाचं पहिलं अक्षर, गाव आणि खोली, एवढंच. बापाचा फोन नंबर मुलीने पाठ करायचा, आणि तो पाठ आहे की नाही हे आक्का अधूनमधून जेवताना विचारत.

ती वही बऱ्याच जणांना हवी होती. क्लासवाल्यांची माणसं मिठाईचे पुडे घेऊन येत. कोणती मुलगी कोणत्या विषयात कच्ची आहे, पालकांचा नंबर काय, एवढं सांगा म्हणत. आक्का पुडा त्यांच्याच हातात परत देत. एकदा त्यातल्या एकाने विचारलं, की यात नुकसान कुणाचं आहे? आक्कांनी त्याला दार दाखवलं. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "माणूस एकदा कागदावर गेलं ना, की ते कुणाच्या हातात पडंल त्यावर आपली सत्ता न्हाई."

मी दोनदा परीक्षेत नापास झाले. घरी जायचं तोंड नव्हतं. आक्कांनी मालकाशी बोलून मला तिथेच कामाला ठेवून घेतलं. पत्रव्यवहार, विजेचं बिल, आणि पुढे संगणक आला तेव्हा संगणक. अशा रीतीने मी त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आले.

नावांचं हे काय प्रकरण आहे, हे मला एका दुपारी कळलं. आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो आणि मी सहज विचारलं. त्या सुपातले खडे वेचता वेचता सांगू लागल्या. त्यांचं सासर औशाच्या पलीकडे, भूकंपात जी गावं गेली त्यांतलं एक. पहाटे नवरा, सासू, सासरे, सगळे दगड-मातीखाली गेले. वाचल्या त्या आक्का आणि त्यांची धाकटी नणंद. नणंद तेरा-चौदा वर्षांची. दोघी पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. साहेब लोक आले, सगळं विचारून लिहून घेतलं. घरात किती होते, किती गेले, कोण उरलं, वय काय, लग्न झालं का. मदत नीट वाटली जावी म्हणून ती यादी शेडबाहेर फळ्यावर लावली. चार दिवसांत तिच्या झेरॉक्स बाजारात फिरू लागल्या. विधवा आहे, वय तेवीस, मूलबाळ नाही, हे सगळं त्यात होतं. कुठले कुठले पुरुष शेडपुढे येऊन आक्कांना नावाने हाका मारू लागले.

नंतर एक दिवस आक्का पाण्याच्या टँकरपाशी गेल्या असताना एक माणूस आला. नणंदेचा चुलत मामा आहे म्हणाला. शेडवरच्या कारकुनाने त्याला नावं विचारली. आईचं, बापाचं, आजीचं, सगळ्यांची नावं त्याने बरोबर सांगितली. कारकुनाने यादीशी ताळा केला, सही घेतली आणि मुलगी त्याच्या ताब्यात दिली. आक्का हंडा घेऊन परत आल्या तेव्हा जीप गेलेली होती.

"असा कुणी मामा नव्हताच तिला," आक्का म्हणाल्या. "त्यानं यादी बघून सांगितलं, अन् ह्यांनी यादी बघून खरं मानलं."

ती पुढे कधीच सापडली नाही. आक्कांनी सोलापूरपर्यंत शोध घेतला. तिचं नाव मात्र त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

अनेक वर्षांनी वरून आदेश आला, की सर्व वसतिगृहांनी मुलींची माहिती सरकारी पोर्टलवर भरायची. कारण होतं मुलींची सुरक्षितता. फोटो, आधार, मोबाईल, जात, आईबापांचे नंबर, खोली, खाट, कोणत्या क्लासला जाते, किती वाजता जाते, किती वाजता येते. त्यासाठी एका मंगल कार्यालयात सगळ्या वसतिगृहवाल्यांची बैठक झाली. मी आक्कांबरोबर होते. साहेबांचं बोलून झाल्यावर आक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, हे कोण बघणार? साहेब म्हणाले, शासन. आक्कांनी विचारलं, म्हणजे कोण, त्या माणसाचं नाव काय? लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला लपवायचं काय आहे?"

"लपवायचं न्हाई साहेब, सांभाळायचं हाय," आक्का म्हणाल्या. पण तोवर साहेबांनी दुसऱ्याकडे मान वळवली होती.

आक्कांनी तीन अर्ज केले. मीच लिहून दिले. नाव आणि आणीबाणीसाठी एक नंबर एवढंच द्यायला आम्ही तयार आहोत, बाकीचं कशासाठी लागतं ते कळवावं, असं त्यात होतं. एकाचंही उत्तर आलं नाही. आक्का कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे गेल्या. ते भले गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, की हक्क तुमच्या बाजूने आहे, मोठ्या कोर्टाने तसं म्हटलेलंही आहे, पण तिथे पोचेपर्यंत तुमच्या दाराला सील लागलेलं असेल. झालंही तसंच. पंधरा दिवसांत माहिती न भरल्यास वसतिगृह बंद करू, अशी नोटीस आली. मालक घाबरला. मुलींच्या परीक्षा तोंडावर होत्या.

त्या मुलींत एक देगलूरकडची होती. नुकती अठरा पूर्ण झालेली. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. गावातल्या शाळेच्या एका बाईंनी तिला गुपचूप आणून आक्कांच्या हवाली केलं होतं. बाप आणि भाऊ तिला नांदेडपर्यंत शोधत होते. ती कमी बोलायची, पण रोज संध्याकाळी आक्कांच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायची, न सांगता.

माहिती भरायला मी बसले तेव्हा आक्का शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. त्या मुलीपाशी आलो तसं त्यांनी मला थांबवलं. तिला वगळ म्हणाल्या. मी सांगितलं, की उद्या पोलीस ताई येऊन खाटा मोजणार आहेत, आकडा जुळला नाही तर नोटीस पक्की होईल. दुसरं नाव टाक म्हणाल्या. मी टाकून पाहिलं. आधारच्या नंबराशी नाव जुळेना, पोर्टल पुढे जाईना. तिला दुसरीकडे ठेवावं म्हटलं तर लातुरातल्या प्रत्येक वसतिगृहात हेच चाललं होतं, आणि शाळेच्या बाईंच्या घरावर तिच्या भावांची नजर होती.

"आक्का, यंत्र घेऊन न्हाई राहिलं," मी म्हणाले.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे त्या मुलीचा फोटो होता, मीच काढलेला. ओढणी नीट करून ती थोडी हसली होती.

"टाक मग," आक्का म्हणाल्या.

मी खरं नाव टाकलं आणि बटण दाबलं.

महिना सव्वा महिना झाला असेल. मुलींना परक्या नंबरांवरून फोन येऊ लागले होते. क्लासवाले, कर्जवाले, आणि काही नुसतेच बोलणारे पुरुष. ते फोन करणाऱ्यांना मुलीचं नाव, गाव, खोली, सगळं ठाऊक असायचं. आम्ही तक्रार करायच्या विचारात होतो. तशात एका दुपारी दोन माणसं दारात आली. थोरल्याने देगलूरच्या मुलीचं नाव घेतलं. आक्का उठून उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, की इथं या नावाची कुणी न्हाई.

तो माणूस भांडला नाही. त्याने मोबाईल काढला आणि पडदा आक्कांपुढे धरला. त्यावर मी भरलेलाच तक्ता होता. फोटो, खोली, खाट, क्लासची वेळ.

"हाव, आता न्हाईच," तो म्हणाला. "आमी तिचं सामान न्यायला आलो."

तिला त्यांनी क्लास सुटताना फाटकावरच गाडीत घातलं होतं. किती वाजता सुटते ते तक्त्यात होतं. आक्का दारातून हलल्या नाहीत, तेव्हा धाकटा त्यांच्या शेजारून आत शिरला, सरळ तिच्या खाटेपाशी गेला आणि पेटी उचलून घेऊन आला. त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

आक्का तशाच चपला घालून ठाण्यात गेल्या, मीही बरोबर गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की मुलगी आपल्या आईबापांकडे गेली आहे, यात गुन्हा कसला. माहिती बाहेर कशी गेली असं विचारलं, तर तो आमचा विषय नाही म्हणाले. ज्या कार्यालयाचं पोर्टल होतं तिथल्या साहेबांनी सांगितलं, की माहिती अगदी सुरक्षित आहे, तुमच्याकडूनच कुणी दिली असेल. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तक्रार करायची तर पोर्टलवरच करा म्हणाले. तिथे तक्रारदाराचं आधार, मोबाईल आणि फोटो लागत होता. आक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा ते सगळं दिलं. मोबाईल त्यांच्याकडे नव्हता, म्हणून माझा नंबर टाकला. आठवड्याने त्यावर एक ओळ आली, की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी ती वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली.

शाळेच्या बाईंकडून कळलं, की त्या मुलीचं लग्न तेलंगणाकडे कुठेतरी लावून दिलं. गाव कोणतं ते त्यांनाही समजलं नाही.

आक्का त्या महिन्याअखेर वसतिगृह सोडून गेल्या. मालकाने राहा म्हटलं, पण मनापासून नाही. दाराशी चेहरा ओळखणारं यंत्र बसवायचं त्याचं ठरलं होतं. त्यांचं सामान एका पिशवीत मावलं. औशाला एका शिंप्याच्या घरी मागची खोली घेऊन त्या वाकळा शिवू लागल्या. दुकानातल्या चिंध्या खाला, म्हणजे त्यांची घरमालकीण, त्यांना देत असे.

मी दोनदा भेटायला गेले. पहिल्यांदा नुसत्या चिंध्या निवडून देऊन परत आले. दुसऱ्यांदा मी सांगितलं, की बटण मी दाबलं, ते डोक्यातून जात नाही. त्या सुईत दोरा ओवत होत्या. ओवला जात नव्हता, मी घेऊन ओवून दिला.

"तू न्हाई दाबलं असतं तर दुसऱ्या कुणी दाबलं असतं," त्या म्हणाल्या. "त्येच लई वाईट हाय."

मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा माफ करतील. दोन्ही झालं नाही. त्यांनी चहा केला. निघताना त्यांनी मला पोहोचवायला रस्त्यापर्यंत यायचं म्हटलं, पण गुडघ्यांमुळे दारातच थांबल्या.

मी अजून त्याच वसतिगृहात आहे. दुसरी नोकरी शोधली नाही असं नाही. जून आला, की नव्या मुली येतात, बरोबर बाप असतो, कागदांची पिशवी असते. मी फोटो काढते, रकाने भरते. आता कुणी विचारतही नाही, की हे कशाला लागतं. उलट काम पटकन झालं म्हणून लोक मला हात जोडतात.

मागच्या थंडीत मी तिसऱ्यांदा औशाला गेले तेव्हा मागच्या खोलीत शिंप्याची दोन मशीनं मांडलेली होती. खाला बाहेर आली. आक्कांना जाऊन तीन आठवडे झाले होते. झोपेतच गेल्या. गल्लीतल्या चार लोकांनी मिळून सगळं केलं. मी तिथेच पायरीवर बसले. खाला आत जाऊन पाणी घेऊन आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"कळवलं असतं बेटा," ती म्हणाली. "सगळी पिशवी बघितली. त्यांच्याजवळ कुणाचाच नंबर न्हवता."