शेवटचे तीन कोस

वार्ताहराची छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी पुडीला जाते. न छापलेलीच त्याच्यापाशी उरते. बाळंतिणींच्या दवाखान्यासाठी बऱ्हाणपूरहून अमरावतीला निघालेल्या सायकलफेरीच्या अशा बऱ्याच बातम्या माझ्यापाशी साचल्या आहेत. सगळ्या अकोला-अमरावती या शेवटच्या दिवसाच्या!

* * *

फेरीचे अध्यक्ष एक वकील रावसाहेब. निघताना त्यांनी जाहीर केलं होतं, "जो सगळा रस्ता सायकलवर येईल, त्याच्या हातून दवाखान्याची पहिली वीट!"

अकोल्यापर्यंत बाकीच्या मंडळींच्या सायकली रेल्वेत चढल्या. रावसाहेब तर पहिल्यापासूनच मोटारीत. उरला एकटा नामदेव माळी, चांदूर बाजारचा. मागच्या कॅरियरला भाजीची पाटी बांधलेली त्याची जुनी सायकल. त्याची बायको अडली होती. अमरावतीला नेताना बैलगाडीतच गेली.

"वीट तिच्या नावानं ठेवीन," तो मला म्हणाला. "मले दुसरं काई नको."

* * *

अकोल्याच्या निरोपसभेत रावसाहेब म्हणाले, "या रस्त्यावर आम्ही घाम गाळला आहे!"

उन्हात सायकल धरून उभ्या नामदेवानं मला हळूच विचारलं, "कवा जी?"

* * *

मूर्तिजापूरला जेवणानंतर फेरीतले एक डॉक्टर रावसाहेबांचे पाय तेलानं चोळू लागले. मोटारीत बसून अवघडले होते म्हणे!

नामदेव कडुनिंबाखाली भाकरी खात होता. "काहून कण्हून राह्यले साहेब?"

मी म्हटलं, "प्रवासानं."

"मंग त्याइले म्हणा, थोडी सायकल चालवा. पाय मोकळे होतात."

* * *

बडनेऱ्याला रावसाहेबांनी हे मनावर घेतलं. शहरात शिरायचं तर सायकलवरच! मोटारीच्या टपावरून कोरी सायकल उतरवली. पेडलवरचे दुकानाचे कागदही तसेच. रावसाहेब बसले आणि पुढची ट्यूब फाट्‌दिशी फुटली. एवढ्या मंडळींत जादा ट्यूब कुणी आणली नव्हती. फोटोवाला मात्र आणला होता!

फेरीच्या चिटणिसांनी नामदेवाच्या सायकलीचं हँडल धरलं. "दे."

"शेवटचे तीन कोस राह्यले, साहेब. एवढे तरी माहे राहू द्या."

"बायकोसारख्या बायका वाचाव्यात म्हणूनच आलास ना? मग दवाखान्याचं काम अडवतोस?"

नामदेवाचा हात सुटला. मी भांडलो. म्हटलं, "आणि वीट?"

चिटणीस शांतपणे म्हणाले, "सायकलवर येईल त्याच्या हातून. नियम म्हणजे नियम!"

मोटारीत जागा होती. पण नामदेव चढला नाही. चालू लागला.

* * *

मी सगळं लिहून दिलं. संपादकांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "भाषा छान आहे हो तुमची!"

अंकात मथळा आला : 'रावसाहेबांचं सायकलवरून आगमन. स्वहस्ते पहिली वीट.' बातमीत नामदेव शोधला. 'इत्यादी मंडळी' यात तो असावा!

* * *

पण त्या संध्याकाळी, वीट बसण्याआधी, अमरावतीच्या वेशीवर घडलं ते कुठल्याच मथळ्यात आलं नाही.

स्वागताचे हार गिरजाबाईकडून घेतले होते. वेशीजवळ फुलं विकणारी म्हातारी, नामदेवाची आई. शेवंतीचा एक मोठा हार तिनं कुणालाच विकला नव्हता. तो घेऊन ती सर्वांत पुढे उभी होती. भाजीची पाटी बांधलेली सायकल लांबूनच ओळखून ती हसली. सायकल जवळ आली आणि तिचं हसू गेलं.

रावसाहेब उतरले. हार पाहून त्यांनी हात जोडले आणि मान वाकवली. बँड थांबला. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं.

गिरजाबाईनं हार पदराखाली घेतला.

"असेच वाकून राहा, साहेब," ती म्हणाली. "माहा पोरगा पायी येऊन राह्यला असंल. तो आला म्हंजे पाहू."