बोलोन्यातली दुसरी खाट

मी शाळेत भूगोल शिकवायचे. इटलीतल्या पो नदीचं खोरं, तिथला भात, मका, हिवाळ्यातलं धुकं, हे सगळं मी इतकी वर्षं फळ्यावर काढलं की निवृत्तीनंतर कुठे जायचं हा प्रश्नच पडला नाही. धाकटी बहीण पुण्यात असते. तिला फोनवर म्हटलं, आपण दोघी जाऊ. तीही लगेच हो म्हणाली.

मी लग्न केलं नाही. नागपुरात, सक्करदऱ्याच्या घरात आई आणि मी अशा दोघीच राहतो. आईचं कमरेचं हाड मोडल्यापासून ती वॉकर घेऊन चालते, पण डोकं अजून तल्लख आहे. फक्त उठता-बसता आणि बाथरूमला जाताना कुणीतरी लागतं. भाऊ याच शहरात, जरीपटक्याला. दिवाळीनंतर दोन आठवडे आईला आपल्याकडे नेतो, असं त्याने आपणहून कबूल केलं होतं. म्हणून तर नोव्हेंबर ठरला.

रोज नवं हॉटेल नको, हे माझं पहिल्यापासून पक्कं होतं. बहिणीचे गुडघे दुखतात, बॅगा घेऊन तिला जिने चढवत नाहीत. शिवाय घरून फोन आला तर मी कुठे आहे हे भावाला नेमकं माहीत असावं. म्हणून बोलोन्या. तिथून चहूकडे रेल्वेगाड्या जातात. सकाळी निघायचं, एक गाव बघायचं आणि अंधार पडता पडता आपल्याच खोलीत परत यायचं. अंधार तिथे त्या दिवसांत पाचच्या आतच पडतो. त्यामुळे लांबची गावं सकाळच्या गाडीने आणि जवळची जेवणानंतर, असं मी बसवत गेले. सोमवारी संग्रहालयं बंद, म्हणून सोमवारी बोलोन्यातच भटकायचं. तिथल्या फुटपाथांवर कमानींचं छत आहे, पाऊस आला तरी भिजायला होत नाही. रावेन्ना मुद्दाम पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. तिथलं सगळं बघण्यासारखं चर्चच्या आत, छतांवर आणि भिंतींवर. फेराराला मात्र ऊन हवं, कारण गावाच्या जुन्या तटावरून चालायचं होतं.

संध्याकाळी आईची बुद्धवंदना आटोपली की मी मोबाइल घेऊन तिच्या शेजारी बसायचे आणि गाड्या बघायचे. ती म्हणायची, "पाहून राहिली का तुही इटली?" मी म्हणायचे, "हाव." आनंदाचे होते ते दिवस. तेवढं मान्य करायलाच हवं.

निघायच्या आठवड्यात भावाचा फोन आला.

"पाहुणे येऊन राहिले मुलीले पाहाले," तो म्हणाला. "आता घरात आईचं हे असं, वॉकर, बाथरूमचा वास. बरं दिसते का?"

"तू शब्द दिला होता."

"दिला होता न. पण पोरीचं लग्न थोडीच थांबते? तुमचं फिरणं काय, पुढच्या वर्षीही होते."

मी बहिणीला फोन केला. दिवसरात्र राहणारी एखादी बाई ठेवू, ओळखीतली आहे, असं सुचवलं.  बहीण म्हणाली, "परक्या बाईच्या हातात आईला टाकून आपण फिरायला गेलो तर लोक काय म्हणतील, ताई?" आणि मग, अगदी मऊ आवाजात, "दोघींचंही बुडण्यापेक्षा... म्हणजे माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे व्हिसा आहेच. खोलीतली दुसरी खाट रिकामीच राहणार ना नाहीतरी."

मैत्रीण आहे, व्हिसा आहे. म्हणजे माझ्या फोनच्या आधीच तिचं मैत्रिणीशी बोलणं होऊन गेलं होतं.

मी "जा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जी अविवाहित आहे, जी आईजवळ आहे, जिला सासर नाही, तिने थांबायचं, हे आमच्या घरात कुणी कधी उच्चारत नाही. उच्चारायची गरजच पडत नाही.

त्या पोचल्या आणि फोन सुरू झाले. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. एकदा मी इतवारीच्या बाजारात आईसाठी स्टीलचं हलकं ताट बघत होते. हातगाड्या, टेम्पो, मागून कुणीतरी ओरडतंय, आणि कानात बहीण: "ताई, आम्ही चार नंबरवर उभ्या आहोत, वेरोनाची गाडी दिसत नाही!"

"पाटीवर चारपुढे काही लिहिलंय का बघ."

"ओव्हेस्त."

"म्हणजे पश्चिम. तो चार वेगळा. स्टेशनच्या पश्चिम टोकाला जा, पळा. आणि कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर दंड होईल."

मागून मैत्रिणीचा हसण्याचा आवाज आला. "तुझी ताई म्हणजे गूगलच आहे गं!"

गाडी मिळाल्याचा फोन काही आला नाही. संध्याकाळी फोटो आले, त्यावरून कळलं.

मग तिकडे पाऊस लागला. मी वाट बघत होते की आता त्या रावेन्नाला जातील. संध्याकाळी मीच विचारलं. "छे गं," बहीण म्हणाली, "पावसात कोण जाणार? खोलीतच झोपलो मस्त." फेराराही राहिलं. फ्लॉरेन्सला मात्र दोनदा गेल्या, चामड्याच्या पर्सेस घ्यायला.

त्या दिवशी मी आईला जेवायला वाढत होते. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "तू काहून नाही गेली वं?"

इतके दिवस तिने हे विचारलं नव्हतं. मी पोळी कुस्करता कुस्करता म्हटलं, "तुह्यासाठी."

तिने ताट बाजूला सारलं. "माह्यासाठी? मले विचारलं होतं कोणी?"

"भाऊ नेतो म्हणत होता. मंग नाही म्हटलं त्यानं."

"मले त्याच्याकडे जायचंच नव्हतं. तिथं मले मागच्या खोलीत ठेवते. मी त्या बाईसंगं राहिली असती इथं. चांगली बाई आहे ते."

"मंग तू बोलली काहून नाही?" माझा आवाज चढला होता.

"तुम्ही तिघं फोनवर ठरवून राहिले होते. मी काय, सामान होती. कुठं ठेवायचं तेवढं ठरवायचं."

मला तिचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी भावापेक्षा, बहिणीपेक्षा तिचा जास्त राग आला. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि भांडी आपटत राहिले. तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते मला सगळं होऊन गेल्यावर ऐकावं लागत होतं. अर्ध्या तासाने जाऊन बघितलं तर ती तशीच बसली होती, ताट तसंच बाजूला. मी भात कालवून दिला. 

बहीण परतल्यावर महिन्याभरात नागपूरला आली. भाऊही जेवायला आला, बायकोला घेऊन. पाहुण्यांनी मुलीला नकार कळवला होता, पण त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. बहिणीने टीव्हीवर फोटो लावले. मी ज्या रस्त्यांची नावं पाठ केली होती, त्या रस्त्यांवर ती आणि एक अनोळखी बाई हसत उभ्या होत्या. भाऊ म्हणाला, "वा, काय जागा हाये!" मला तिने रेशमी स्कार्फ आणला होता. नागपुरात स्कार्फ उन्हापासून तोंड बांधायला लागतो, सुती लागतो. मी "छान आहे" म्हटलं.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी आमच्या ग्रुपचं पोर्तुगाल चाललंय. असंच एक गाव धरून, रोज गाडीने. तू बसवून दे ना सगळं. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

"आमचा ग्रुप म्हणजे कोण कोण?"

"आम्ही चौघी. तुला इथून कसं निघता येणार, म्हणून..."

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मी बसवून देणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

 तिचे डोळे भरून आले. "तू असा हिशेब ठेवशील असं वाटलं नव्हतं मला. मी तुला विचारून गेले होते. तूच जा म्हणालीस."

"हो. मीच म्हणाले."

भाऊ मध्ये पडला, "जाऊ दे न आता, काहून वाढवून राहिली?" आई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. बहीण दुसऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा लवकरच्या गाडीने पुण्याला गेली. आता तिचा फोन येतो तो आईच्या मोबाइलवर. मी शेजारी असले तर आई विचारते, "देऊ का?" आणि पलीकडून काहीतरी उत्तर येतं. त्यानंतर आई फोन ठेवून देते.

नाही म्हणून टाकलं की मन हलकं होतं, असं लोक सांगतात. माझं झालं नाही. उलट, आधी मला निदान एक बहीण होती जिच्याशी गाड्यांबद्दल बोलता यायचं. आता आईसाठी सुचवलेली ती ओळखीतली बाई महिन्यातून चार दिवस येऊन राहते, आईचं तिच्याशी छान जमतं, आणि मला वेळ मिळतो. त्या वेळेचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही.