न शिकवलेल्या धड्याचा गुन्हा

नोकरीत मी खून पाहिले, चकमकी पाहिल्या. पण त्या म्हातारीचा सुजलेला चेहरा आठवला की आजही संताप होतो.

तेव्हा मी धानोरा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, लवकर या. बुढीले बांधून मारून राह्यले. करणी केली म्हणतेत."

आम्ही पोहोचलो तेव्हा साठी उलटलेली ती विधवा बाई चौकातल्या विजेच्या खांबाला बांधलेली होती. डोकं फुटलं होतं, एक डोळा बंद झाला होता. भोवती अख्खं गाव उभं होतं आणि निम्मे लोक मोबाईलवर चित्रण करत होते. दोर सोडून तिला रुग्णालयात पाठवलं, पंचनामा केला. मारणारे तिचेच शेजारी, एका शाळकरी मुलीचा बाप आणि त्याचे दोन भाऊ. तिघांना ठाण्यात आणलं. मारहाणीची कलमं आणि जादूटोणाविरोधी कायदा, दोन्ही लावले.

आरोपीला आधी पाणी द्यायचं आणि मग बोलू द्यायचं, ही माझी पद्धत. दरडावून विचारलं की माणूस सुटायचं बघतो, खरं सांगत नाही. पाणी पिऊन बाप बोलू लागला.

"साहेब, माही पोरगी दहावीत आहे. दिवाळीपासून त्या बुढीच्या अंगणातल्या चिंचा खाये. तवापासून ओकाऱ्या. आता पोट फुगलं. बुढीनं काईतरी चारलं तिले."

"डॉक्टरला दाखवलं?"

"गॅसच्या गोळ्या आणल्या नं."

शेजारी बसलेल्या महिला हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती लगेच गाडी घेऊन गेली आणि मायलेकींना रुग्णालयात घेऊन आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सहावा महिना उलटला आहे. मुलीच्या अंगात रक्त नाही. गर्भपाताची वेळही निघून गेली आहे.

आईला काहीच कळलं नसेल, हे मला पटेना. मी तिला वेगळं बसवून विचारलं, "बाई, करणी हा शब्द घरात पहिल्यांदा कोणी काढला?"

ती म्हणाली, "मीच. मले समजलं होतं, साहेब. पण खरं सांगतलं असतं तं बापानं पोरीले जित्ती ठेवली नसती. करणी म्हटलं तं पोरीची अब्रू राह्यते."

"आणि त्या म्हातारीचं काय?"



मुलीचा जबाब महिला हवालदाराने घेतला. तिने समजावून सांगितलं तरी मुलगी पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "ताई, माहं लगन नाई झालं. मंग लेकरू कसं होईन?" लग्नात अक्षता पडल्या की लेकरं होतात, इतकंच तिला ठाऊक होतं. तिला वाटत होतं, पोटात गोळा झाला आहे आणि आपण मरणार.

तिने ज्याचं नाव सांगितलं तो तिच्याच वर्गातला मुलगा. बापाच्या मागे लपत तो ठाण्यात आला. कारण कळल्यावर "मले मालूम नव्हतं, साहेब," एवढंच म्हणत राहिला. दोघंही अठराच्या आतले. कायदा अशा वेळी संमती मानत नाही. गुन्हा नोंदवला, मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं केलं.

वयाच्या पुराव्यासाठी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. मी विचारलं, "विज्ञानात प्रजननाचा धडा आहे ना?"

"तो आम्ही घरी वाचायला सांगतो. वर्गात मुली खाली माना घालतात, मुलं हसतात. पालकांची बोलणी कोण खाणार?"

"मुलांशी बोलायला आरोग्य विभागाच्या मॅडम आल्या होत्या म्हणे?"

"हो. फक्त स्वच्छतेवर बोला म्हटलं. बाकीचं ऐकून पोरं बिघडतात हो."

"सर, आता काय बिघडायचं राहिलं?"

ते शांतपणे म्हणाले, "त्या मुलीला परीक्षेला बसवायचं नाही असं ठरवतोय. शाळेचं नाव जातं."

मी चहा तसाच ठेवला. बाल कल्याण समितीकडून पत्र आणवलं आणि तिचं प्रवेशपत्र घेऊनच उठलो. पण ती परीक्षेला बसलीच नाही. बाळंतपणात मरता मरता वाचली. बाळ शिशुगृहात गेलं. मुलगा निरीक्षणगृहातून सुटला तो थेट मजुरीला तेलंगणात. बाप आणि काकांवर खटला उभा राहिला. म्हातारीचा डोळा गेला. ती मुलचेऱ्याला लेकीकडे गेली, पुन्हा गावात आली नाही.

आरोपी शोधणं हे पोलिसाचं काम, ते मी केलं. पण जे आधी सांगायला हवं होतं ते न सांगता सगळे सभ्य राहिले. त्या सभ्यपणाला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. लाज राखायची म्हणून मोठी माणसं गप्प बसतात आणि शिक्षा पोरांना होते. हे त्या प्रकरणाने मला शिकवलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढच्या वर्षी त्याच शाळेने मला बक्षीस वाटायला बोलावलं. बक्षिसं वाटून झाल्यावर मी दहावीच्या वर्गाला विचारलं, "प्रजननाचा धडा झाला का रे?"

सगळ्या माना खाली गेल्या. मुख्याध्यापक आभार मानायला घाईने माईककडे निघाले. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाई झाला, साहेब. आमाले शिकवा म्हणा सरायले."