खिंडीतला डावखुरा

लुआन पेइशानने आयुष्यात एक मोठं काम केलं असं थायगू गावातली माणसं म्हणत. ते करताना आपल्याला काय वाटलं, हे त्याला पुढे कधीच नीट आठवलं नाही. वारा होता एवढं आठवे. दातांत माती करकरत होती.

तो मूळचा डोंगरातला. दुष्काळात घरची माणसं गेली, तेव्हा एका चुलत्याने त्याला हाओ वस्तादांच्या दारात आणून सोडलं आणि मागे न बघता निघून गेला. वस्तादांची पेढी होती. व्यापाऱ्यांच्या मालगाड्यांबरोबर तलवारवाली माणसं पाठवायची आणि माल सुखरूप पोचवायचा, हा त्यांचा धंदा. मागच्या अंगणात तालीम चाले. पोरगा पहिल्या दिवशी तालमीच्या कोपऱ्यात बसून हुंदके देत होता, तेव्हा वस्तादांचा थोरला चेला तुंग काइ त्याच्यापुढे येऊन उकिडवा बसला.

"रडतोस कशाला रे?"

"भूक लागलीय."

"मग तसं तोंडाने सांग की! रडणाऱ्याला इथे कुणी शेवया वाढत नाही."

आणि त्याने आपलाच वाडगा त्याच्यापुढे सरकवला. त्या दिवसापासून पेइशान त्याला दादा म्हणू लागला आणि काइ त्याला धाकट्या.

तलवार त्याला खरी शिकवली काइने. वस्ताद दोन शब्द बोलत आणि हुक्का ओढायला जात. पुढची मेहनत काइची. काइ डावखुरा होता. त्याच्यासमोर उभं राहून शिकायचं म्हणजे आरशात बघून केस विंचरण्यासारखं. पण हात बसला तो त्यातूनच. वस्तादांची मुलगी रुइफन ओसरीवर बसून जोड्यांचे तळ शिवायची. त्यातला चांगला जोड काइच्या पायात जातो, हे सगळ्या अंगणाला ठाऊक होतं. वस्तादांनाही. ते काही बोलत नव्हते, म्हणजे त्यांचा होकारच होता.

मग एका खेपेला सगळंच बिघडलं. रेशमाच्या गाड्या घेऊन दोघं उत्तरेकडे निघाले होते. नदीच्या उतारावर दरोडेखोरांनी पेइशानला मागून धरलं आणि गळ्याला सुरी लावली. काइच्या हातात तलवार होती, तो चौघांना पुरून उरला असता. त्याने पेइशानच्या तोंडाकडे पाहिलं आणि तलवार जमिनीवर टाकली.

"न्या सगळं," तो म्हणाला. "पोराला सोडा."

माल गेला. पेढीचं नाव गेलं. वस्तादांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि काइला विचारलं, "तलवार का टाकलीस?"

काइ गप्प राहिला. धाकट्याला वाचवायला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तसं म्हटलं की दोष धाकट्यावर येणार होता. पेइशान शेजारीच उभा होता. बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि आपल्या जोड्यांकडे बघत राहिला. वस्तादांनी काइचं नाव तालमीतून काढलं. संध्याकाळी तो पाठीवर एक गाठोडं टाकून वेशीबाहेर पडला. रुइफनच्या खोलीचं दार त्या दिवशी बंद होतं, बापाने बाहेरून कडी घातली होती.

पुढे काही वर्षं गेली. पेइशान पेढीतला पहिला तलवारबाज झाला. त्यात आनंद असा नव्हता. काम होतं, तो करायचा.

वसंतातल्या पिवळ्या वावटळीच्या दिवसांत तो चहाच्या गाड्या घेऊन वाऱ्याच्या खिंडीतून चालला होता. भर दुपारी हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. त्या धुरळ्यातून माणसं धावून आली, तोंडाला फडकी बांधलेली. गाडीवाले गाड्यांखाली शिरले. पेइशानने दोघांना लोळवलं. तिसरा आला तो डाव्या हाताने.

दुसऱ्याच वाराला पेइशानने ओळखलं. एवढा एक भाग त्याला पुढे जन्मभर स्वच्छ आठवला: आपण ओळखलं होतं. त्याने समोरचा वार झेलला, त्यानंतरचाही झेलला, कारण कुठला कधी येणार हे त्याचं मनगट आधीच जाणत होतं. थांबता आलं असतं. हाक मारता आली असती. पण शिकवलेला हात चालूच राहिला, आणि समोरच्याने जिथे अडवायला हवं होतं तिथे अडवलं नाही.

फडकं सुटलं. काइ गाडीच्या चाकाला टेकून बसला. दाढी वाढली होती, गाल बसले होते.

"धाकट्या," तो म्हणाला, "मनगट अजून सैलच ठेवतोस."

"दादा, मध्येच हात का सोडलास?"

"दमलो रे," काइ म्हणाला. आणखी काही बोलणार असं वाटलं, तोच त्याची मान कलली.

बाकीचे पळाले होते. गाडीवाल्यांनी खालून धुरळ्यात पाहिलं ते फक्त डाव्या हाताने लढणारा एक जण पडताना. त्यांना काय कळणार? कुणी तोंड बघू नये म्हणून प्रेत दरीत पडलं असं पेइशानने सांगितलं आणि वारा पडल्यावर एकट्याने रस्त्याच्या वरच्या अंगाला खड्डा खणून त्याला पुरलं. खणताना त्याला फक्त आपली पाठ दुखतेय एवढं कळत होतं.

गावात फटाके वाजले. व्यापाऱ्यांनी पेढीच्या दारावर लाल कापड बांधलं. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं, "पेढीचं नाव परत आणलंस. आता तू माझा जावई." पेइशानने वाकून नमस्कार केला. दारू ओतली ती प्यायला. कुणी हसलं की तोही हसला. रुइफनला कुणी विचारलं नाही. लग्न झालं.

चहाच्या दुकानातला कथेकरी खिंडीची गोष्ट सांगू लागला. त्याच्या तोंडी दरोडेखोर वाढत गेले, आणि त्यांचा डावखुरा सरदार तर राक्षसासारखा उंच झाला. पेइशान एकदा भिंतीशी बसून ती ऐकत होता. कथेकऱ्याने ओळखून हात जोडले, "लुआन साहेब, काही चुकतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "चालू द्या."

ती गोष्ट फिरत फिरत विहिरीवरच्या बायकांपर्यंत गेली आणि तिथून रुइफनपर्यंत. एक दिवस जेवणाच्या वेळी ती कणीक लाटून सुरीने शेवया कापत होती. पेइशान चुलीशी बसला होता.

"तो खिंडीतला," ती म्हणाली, "डावखुरा होता म्हणतात."

"हो."

"उंच?"

"नाही. आपल्यातल्यांसारखाच."

तिची सुरी थांबली नाही. शेवया एकसारख्या बारीक पडत राहिल्या. आंबट सिरक्याची बुधली उचलून तिने विचारलं, "सिरका जास्त घालू का?"

"घाल."

दोघं जेवले. ती रडली नाही, त्याने माफी मागितली नाही. त्या रात्री ती निजायच्या ओट्याच्या पलीकडच्या टोकाला निजली. पुढेही तिथेच निजत राहिली. हिवाळ्यात त्याच्या अंगावर दुसरी गोधडी मात्र ती न चुकता टाकायची.

वस्ताद गेले, त्यांचे दिवस झाले, आणि मग रुइफन म्हणाली, "मला तिथे ने."

कुठे, असं त्याने विचारलं नाही. गाढव भाड्याने घेतलं. खिंडीत पोचले तर रस्ता रुंद केला होता, वरची कड खणून खाली ढकलली होती, आणि उरलेल्या उतारावर कुणीतरी ओटचं धान्य पेरलं होतं. पेइशान इकडून तिकडे फिरला. एक दगड उचलून बघितला, परत ठेवला.

"सापडत नाही?" ती म्हणाली.

"इथेच होतं."

"मग इथेच म्हणू."

तिने बांधावर ज्वारीची दारू ओतली आणि सुकी बोरं ठेवली. हात झटकले. मग म्हणाली, "त्याचं नाव काढलं त्या दिवशी अंगणातलं सगळं मीही आतून ऐकत होते. दार वाजवलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. नाही वाजवलं."

पेइशानला वाटलं, आता काहीतरी फुटेल, आपल्यात किंवा तिच्यात. काहीच फुटलं नाही. त्याने खाली वाकून गाढवाचा पट्टा आवळला.

"ऊन चढेल," तो म्हणाला. "निघू या?"

"चला."

पुढे रेल्वे आली, माल तिच्या डब्यांतून जाऊ लागला आणि पेढी बंद पडली. अंगणात कापसाच्या गासड्या रचल्या गेल्या. दोघांनी सिरक्याचं छोटं दुकान काढलं. सिरका कडक व्हावा म्हणून पेइशान हिवाळ्यात रांजणात वर धरलेला बर्फ काढायचा, रुइफन गिऱ्हाईक बघायची. सिरका चांगला होता. लांबून माणसं यायची, कुणी जुनं ओळखून नमस्कार करायचं, आणि तो मान हलवून विचारायचा, "केवढा देऊ?"