आधी देव हलले

धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या गल्लीत सुगंधाबाईंची बांधाबांध पाहायला कुणी ना कुणी डोकावून जायचंच. मी तर भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. माझं तोंड फटकळ आहे, त्यामुळे जे पाहिलं ते पाहिलं तसंच सांगते.

घरमालक निर्मलकुमार शेठना त्यांचं जुनं घर पाडून दुकानांचे गाळे काढायचे होते. शेठ माणूस बरा. "अखाजी होऊ द्या बाई, तुमच्या मालकांची घागर याच घरात भरा, मग खाली करा," म्हणाले. अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. सुगंधाबाईंना मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या जळगावला पुतण्याकडे, ललितकडे, कायमच्या जाणार होत्या. ललितने तिकडे नवा फ्लॅट घेतला होता. "काकू, एक खोली तुझीच," असं त्याने माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन सांगितलं होतं.

बांधाबांध त्यांची, पण हुकूम ललितचे. फोनवरून काय आणायचं नाही तेवढंच सांगायचा. खाट नको, जागा अडते. धान्याची कोठी नको, आम्ही पाकीटबंद आटा आणतो. पाटा-वरवंटा नको, खालच्या मजल्यावरचे लोक भांडतात. खापर तर नकोच नको. आता खापरावरचे मांडे करायचे तर सुगंधाबाईंनीच, असं सगळी गल्ली मानायची. हातावर मांडा असा फिरवायच्या की आरपार दिसावं. ते खापर त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून गल्लीतल्याच भिकुबाईंना देऊन टाकलं. खाट भंगारवाल्याच्या गाडीवर गेली. मी म्हटलं, "अहो, आधी जाऊन चार दिवस राहून तर बघा, मग घर वाटा."

"कसाले?" त्या म्हणाल्या. "माले आते तठेच ऱ्हानं शे."

उरलं काय, तर कपड्यांची दोन गाठोडी, थोडी भांडी, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा आणि कानबाई.

कानबाई हे त्यांच्या घराण्याचं मोठं प्रकरण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. देव्हाऱ्यातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं नारळ काढायचं, त्याला नथ, डोळे, लुगडं, दागिने घालून देवी सजवायची. धुळे-जळगावात विखुरलेले सगळे भाऊबंद त्या दिवशी या दोन खोल्यांत मावायचे. सुगंधाबाई थोरली सून, म्हणून नारळ त्यांच्याकडे. एरवी दोन-दोन वर्षं तोंड न दाखवणारे त्या दिवशी वाकून पाया पडायचे. वर्षातून एकदा का होईना, या बाईचा मान त्या नारळामुळे होता. आणि ललितच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की कानबाई आपल्या घरी आली की धंद्याला बरकत येते.

त्यांच्या सासूने घालून दिलेला नियम होता : घर बदलताना आधी देव हलतात, मग माणसं, आणि देव हलले की त्या घरात चूल पेटवायची नाही. सुगंधाबाईंनी हे ललितला स्वतःच सांगितलं. तोही लगेच म्हणाला, "हो काकू, देव आधी नेतो."

अखाजी झाली आणि ललित बायकोला, तेजलला, घेऊन गाडीने आला. कधी नव्हे ते गल्लीच्या तोंडाशीच चप्पल काढून अनवाणी आला. सुगंधाबाईंनी नारळ कोऱ्या लाल कापडात बांधून त्याच्या ओंजळीत दिलं, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. खोटं कशाला सांगू, माझेही भरले. देवाची पितळी भांडी, चौरंग, समई, सगळं मागच्या सीटवर नीट मांडलं गेलं. मी म्हटलं, "काकूंनाही न्या की आत्ताच. सामान येईल मागून."

तेजल गोड आवाजात म्हणाली, "न्यायचंच आहे हो. पण मागे देव बसलेत, काकूंचा पाय लागायचा."

पुढची सीट कुणाला दिसलीच नाही. सुगंधाबाईच घाईघाईने म्हणाल्या, "नही नही, तिले जाऊ द्या पहिले. जठे कानबाई, तठे मी."

"परवा टेम्पो घेऊन येतो," म्हणून ललित गेला.

परवा टेम्पो मिळाला नाही. मग तेजलच्या माहेरची माणसं आली होती. मग ललितला बोदवडला काम निघालं. इकडे सुगंधाबाई गाठोड्याला टेकून दारात बसून असायच्या. चूल पेटवायची नाही, म्हणून जेवण माझ्याकडे. भांडी बांधलेली, म्हणून पाणीसुद्धा माझ्याच तांब्यातलं. शेठची माणसं येऊन मागच्या खिडकीची चौकट काढून घेऊन गेली, तरी गाडी येणारच या भरवशावर त्या म्हणायच्या, "बठ्ठं बांधेल शे. गाडी उनी का निंघनंच शे."

शेवटी मीच त्यांच्या फोनवरून ललितला लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "काकू, लिफ्ट बंद आहे गं. चौथा मजला. तुझे गुडघे असे. तूच सांग, कसं करायचं? थोडे दिवस तिथेच कुठे सोय बघ ना."

खोली देतो म्हणाला तेव्हाही गुडघे हेच होते! मी तोंडाला येईल ते बोलले. फोन केव्हाच कट झाला होता. सुगंधाबाई माझ्यावरच रागावल्या.

आमची मागची खोली रिकामी होती, तिथे त्यांची गाठोडी ठेवली. भाडं देईन तरच राहीन म्हणाल्या, म्हणून घेते. घर पडलं त्या दिवशी त्या बाहेर आल्याच नाहीत. गाठोडी मात्र सोडली नाहीत. रोज एक गाठ सोडायच्या, हवं ते काढायच्या आणि पुन्हा बांधायच्या.

श्रावण लागला तसा ललित आला. लिफ्ट सुरू झाली होती म्हणे. "काकू, चल. कानबाई बसवायची आहे. तेजलला लुगडं नेसवता येत नाही, गाणीही कुणाला येत नाहीत."

"जाऊ नका," मी त्याच्यासमोर म्हटलं. "आता बरी आठवण झाली यांना!"

"मी नही गई ते तिले सजाडी कोन?" त्या म्हणाल्या आणि दोन्ही गाठोडी उचलायला लागल्या. ललित म्हणाला, "अगं, दोनच दिवस तर आहेत. एवढं कशाला?" तरी एक त्यांनी घेतलंच, मोठं.

सोमवारी देवीला नदीवर नेऊन आणलं आणि संध्याकाळी त्याने त्यांना हायवेच्या वळणावरच उतरवलं. गावात शिरलं की गर्दीत वेळ जातो म्हणे. गाठोडं डोक्यावर घेऊन त्या चालत आल्या. मी पाणी दिलं. माझ्याच्याने गप्प बसवत नाही, लगेच विचारलं,

"खोली पाहिली का तुमची?"

"पाही. मोठी शे. खिडकीबी शे." पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "त्याच खोलीमा कानबाई बठाडेल शे. वरीसभर तठेच ठेवनार शेतस."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी वाट दखी, कोनी तरी म्हनी, काकू, ऱ्हाय. कोनीच म्हनं नही." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "आनि मी कोनले सांगू? कानबाईले ऊठ म्हनू का?"