कोरी पानं

सुलेखा खरात विद्यापीठात विहिरींच्या पाण्यावर संशोधन करत होती. घर करमाडचं, वडील शेंद्र्याच्या कारखान्यात. तिचा पहिलाच लेख एका नियतकालिकानं जवळजवळ स्वीकारला होता, आणि तेवढ्यात संपादकांचा मेल आला: तुमच्या सगळ्या आकृत्या कोऱ्या आहेत.

तिनं फाइली उघडल्या. पांढरी पानं, एक रेघ नाही. पडद्यावर मात्र तोच आलेख ठसठशीत दिसायचा. साधं चित्र म्हणून साठवला तरी नीट यायचा. नियतकालिकाला हवी तशी, कितीही मोठी केली तरी न फाटणारी ईपीएस फाइल केली, की पान कोरं.

तिला इंद्रजीत आठवला. तोही संशोधन करणारा; प्रयोगशाळेतला संगणक दोघांत एकच, मार्गदर्शक सरही एकच, विषयही जवळचे. मागच्या आठवड्यात ती आत आली तेव्हा तो संगणकासमोरच्या तिच्या खुर्चीवरून गडबडीनं उठला होता. करमाडच्या विहिरींचे आकडे त्यानं दोनदा मागितले होते.

तिनं संगणकातल्या आपल्या खात्याचा पासवर्ड बदलला, कोणाला न सांगता आलेख पुन्हा काढले. पुन्हा कोरे. म्हणजे यानं आतच काहीतरी करून ठेवलंय, असं तिनं धरलं.

"माझ्या खुर्चीवर काय करत होतास त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"अपडेट टाकत व्हतो. का?"

"सहज."

त्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. पुढं दोघं एका खोलीत बसत, पण बोलणं बंद झालं.

पुरावा हवा म्हणून सुलेखा आलेखातली एकेक गोष्ट वगळून बघू लागली. रंग वगळले, रेघा वगळल्या, पान कोरंच. मग आलेखावरची अक्षरं लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममधून घेणं बंद केलं, आणि आलेख उमटला. लेटेक चालू केलं, गेला. पीडीएफ केली तर लेटेकसकट नीट आली. ईपीएस करताना लेटेकची अक्षरं घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅममधून जात होती, आणि इंद्रजीतनं टाकलेल्या अपडेटनं तोच बदलला होता. नव्याचं आलेख काढणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरशी जमत नव्हतं. तिनं आधी पीडीएफ करून दुसऱ्या प्रोग्रॅमनं तिची ईपीएस केली. सगळं उमटलं.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण इंद्रजीतही अक्षरं लेटेकमधूनच घेतो, म्हणजे त्याच्याही आकृत्या कोऱ्याच येत असणार, हे तिच्या लक्षात आलं.

"तुझ्या आकृत्या उघडून बघ," ती म्हणाली.

त्यानं न बघताच उत्तर दिलं. "कोऱ्या हायेत. कधीच्याच."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? तू एकाएकी पासवर्ड बदलला, खुर्चीचं विचारलं. मला वाटलं, तूच केलं."

तिनं खुर्ची ओढून त्याला सगळं दाखवलं. त्याच्या आकृत्याही उमटल्या. तो खूश दिसला नाही.

"सरांना माझ्याबद्दल काय सांगितलं तू?" त्यानं विचारलं.

"काही नाही. पुरावा नव्हता."

त्यानं उघडलेली फाइल बंद केली. मग म्हणाला, "मी सांगितलं. तुझ्याबद्दल."

आठवडाभर सर तिच्याशी तुटक का वागत होते, ते तिला आता कळलं. ती उठली. "चल. सरांना माझ्यासमोर परत सांग, काय झालं ते."

इंद्रजीतनं सरांच्या केबिनमध्ये सगळं खरं सांगितलं, मान खाली घालून. सर म्हणाले, "बरं झालं, मिटलं." सुलेखा म्हणाली, "मिटलं नाही, सर. मला विचारायला हवं होतं तुम्ही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिला बसायला सांगितलं.