उल्हासने करायला लावलेलं मशीन

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी आम्ही उल्हासला कोरगावात अग्नी दिला.

शाळेपासूनचा मित्र. भूल देणारा डॉक्टर झाला. मी डिचोलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी तो थेट माझ्या लॅबमध्ये आला. बसला नाही.

"माणूस गेला गो. काजूच्या बागेत गांधीलमाश्या चावल्या, गळा सुजला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नळी घातली, ती श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली. आमच्याकडे पोचेपर्यंत कोणाला कळलंच नाही."

"कळणार कसं?"

"उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड येतो की नाही, ते बघायचं. मोठ्या इस्पितळात त्याचं मशीन असतं. गाडीत परवडत नाही. तू स्वस्तातलं कर."

मी हो म्हटलं. सोपं वाटलं होतं.

ओल्या श्वासाने सेन्सरवर वाफ धरायची. बोर्डमागून बोर्ड वाया गेले. शेवटी एक चाललं: कार्बन डायऑक्साइड मिळाला की दिवा हिरवा, नाही तर लाल.

एकदा उल्हास सोडा पिऊन आला आणि नळीत ढेकर दिला.
दिवा हिरवा!

मी हसले. तो नाही.

"पेशंट सोडा पिऊन आलेला असला, तर? नळी पोटात, आणि दिवा हिरवा."

मग प्रोग्राम बदलला. पोटातला गॅस लगेच संपतो. म्हणून लागोपाठ काही श्वास मिळाल्याशिवाय हिरवा लागायचा नाही.

परवानग्यांमध्ये बराच काळ गेला. शेवटी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ट्रायल सुरू झाली; उल्हास स्वतः गाडीतून जायचा.

नार्व्याची एक बाई नदीत बुडाली होती. नाडी चालू, श्वास नाही. नळी घातली.
दिवा लाल.

नळी घालणारा डॉक्टर म्हणाला, "नळी बरोबर आहे. मशीन बिघडलंय."

"असेल," उल्हास म्हणाला. "तरी काढ."

परत घातली. हिरवा.

ती बाई घरी गेली. आता शेतात जाते.

नंतर उल्हासलाच फुफ्फुसाचा कॅन्सर झाला. सिगरेट कधी ओढली नव्हती. का झाला, ते कोणी सांगू शकलं नाही.

श्वास पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी नळीचं विचारलं. तो बायकोकडे, उज्ज्वलाकडे वळला.

"जो परत येतलो, ताका नळी. माका नको. माका घराक व्हर."

ती भांडली नाही. घरी घेऊन आली.

दुपार होती. ती उशाशी, मी पायाशी. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मग पुढचा आलाच नाही.

उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं. मी 'हो' म्हणून मान हलवली.

तिने त्याची चादर नीट केली आणि पोरांना हाक मारली.

उल्हास, तुला नमस्कार. निवांत राहा.